ऑनलाइन कोर्समधला व्हिडिओ : पॅकेजमध्ये कोंबायचा, यूट्यूबवर टाकायचा की स्ट्रीमिंगवर?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी. यंत्रांची देखभाल शिकवणारा एक ऑनलाइन कोर्स सध्या माझ्या गळ्यात आहे. आजवर स्लाइड आणि प्रश्नांवर भागत होतं. आता तज्ज्ञांनी यंत्रावर प्रत्यक्ष काम करतानाचं चित्रीकरण दिलंय, शिवाय सॉफ्टवेअरची स्क्रीन रेकॉर्डिंग आहेत. सगळा ऐवज मिळून तीन तासांच्या आसपास, तुकडे तीन ते बारा मिनिटांचे. हे शिकणाऱ्यापर्यंत पोचवायचं कसं, इथे घोडं अडलंय.

एक सहकारी म्हणतो, सगळं स्कॉर्म पॅकेजमध्ये (ऑनलाइन कोर्स बांधायचा ठरलेला साचा) टाका, झिप करा, एलएमएसवर (कोर्स चालवणारी आणि नोंदी ठेवणारी प्रणाली) चढवा, विषय संपला. दुसरा म्हणतो, यूट्यूबवर अनलिस्टेड (शोधात न दिसणारा, फक्त दुव्याने उघडणारा) टाका आणि कोर्सच्या पानात एम्बेड करा. तिसरा स्ट्रीमिंग सेवा घ्या म्हणतो आणि दर वाक्याला एकदा एचएलएस (नेटनुसार क्वालिटी बदलणारं स्ट्रीमिंग) आणि सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून फाइल देणारं जाळं) म्हणतो. वरिष्ठांना एकच गोष्ट हवीय : कोणी किती पाहिलं त्याचा रिपोर्ट.

शिकणारे तीन तऱ्हेचे आहेत. काही जण ऑफिसात डेस्कटॉपवर. काही साइटवर, फोनवर, मोबाइल डेटा वापरून. आणि एक गट अशा प्लांटमध्ये आहे जिथे बाहेरचं इंटरनेट पूर्ण बंद, फक्त आतलं नेटवर्क चालतं.

कुठली सेवा चांगली हे नका सांगू, ते शोधून सापडतं. तुम्ही कशाच्या आधारावर ठरवलंत ते सांगा.

रात्रपाळी

सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

आधी गणित मांडा. तीन तासांचा व्हिडिओ २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) एन्कोड केला तर २.७ जीबी होतो. माणशी २.७ जीबी, पाचशे माणसं, म्हणजे १.३५ टीबी डेटा बाहेर जाणार. साठवणीला फारसं काही लागत नाही, बिल येतं ते बाहेर गेलेल्या डेटाचं. हे एकूण झालं. खरा प्रश्न एका वेळेचा असतो. ऑफिसातल्या साठ जणांना "आज सकाळी अकरा ते बारा कोर्स पूर्ण करा" असा मेल गेला की साठ गुणिले दोन, १२० एमबीपीएस. एवढा पाइप त्या ऑफिसला आहे का, आणि तुमच्या सर्व्हरला आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सीडीएन दुसऱ्याचं उत्तर देतं, पहिल्याचं नाही.

एलएमएसवर थेट एमपी४ ठेवण्यात आणखी एक गोम आहे. बऱ्याच एलएमएसमध्ये फाइल सरळ वेब सर्व्हरकडून जात नाही. लॉगिन तपासायचं असतं म्हणून ती प्रोग्रॅममधून जाते. मोबाइलवरचा माणूस हळूहळू १०० एमबी ओढत बसला की तेवढा वेळ सर्व्हरवरचा एक वर्कर त्याच्यापाशी अडकून राहतो. असे चाळीस-पन्नास झाले की ज्यांचा व्हिडिओशी काही संबंध नाही, जे बिचारे परीक्षा सबमिट करतायत, त्यांचं पान फिरत राहतं. मग तक्रार येते "परीक्षा हँग झाली" आणि व्हिडिओकडे कोणाचं लक्षच जात नाही. एक्स-सेंडफाइलसारखी सोय चालू केली की परवानगी प्रोग्रॅम तपासतो आणि फाइल वेब सर्व्हर देतो. ती चालू आहे का, हे तुमच्या अ‍ॅडमिनला आजच विचारा.

अपलोडची मर्यादाही बघा. एलएमएस पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालत असेल तर तिची मूळ सेटिंग फाइलला २ एमबी आणि एकूण पोस्टला ८ एमबी अशी असते. वाढवलेली असतेच, पण किती, ते झिप चढवताना कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

तळटीप

एवढं कशाला? यूट्यूब. फुकट, जगभर सर्व्हर, नेट कमी झालं की क्वालिटी आपोआप खाली येते, प्लेअर सगळ्यांच्या सवयीचा, सबटायटलची सोय आहे. दुवा अनलिस्टेड ठेवा. एम्बेडच्या दुव्याला रेल=० लावलं की शेवटी बाकीचे व्हिडिओही दिसत नाहीत. चहा प्यायला मोकळे.

सावकाश

तळटीप, सप्टेंबर २०१८ पासून रेल=० चा अर्थ बदललाय. संबंधित व्हिडिओ बंद होत नाहीत, फक्त त्याच चॅनेलवरचे दाखवले जातात. म्हणजे हायड्रॉलिक पंपाच्या धड्यानंतर तुमच्याच चॅनेलवरचा वार्षिक स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ.

अनलिस्टेड म्हणजे खाजगी नाही, हेही लोक विसरतात. दुवा ज्याच्या हातात, त्याला दिसतो. आणि हा दुवा तरी किती टिकाऊ? २३ जुलै २०२१ ला यूट्यूबने १ जानेवारी २०१७ च्या आधी चढवलेले अनलिस्टेड व्हिडिओ प्रायव्हेट केले. सुरक्षेचं कारण योग्यच होतं, आधी कळवलंही होतं, नको असेल तर फॉर्म भरायची सोय होती. पण ते खातं ज्याच्या नावावर होतं तो नोकरी सोडून गेला असेल, तर मेल वाचला कोणी?

माझा मोठा आक्षेप मात्र वेगळाच आहे. यूट्यूबवर चढवलेली फाइल बदलून तोच पत्ता ठेवता येत नाही. नवी फाइल, नवा पत्ता. देखभालीच्या कोर्समध्ये व्हिडिओ बदलणार हे गृहीतच धरा. सुरक्षेचा नियम बदलतो, यंत्राचं पॅनेल बदलतं, तज्ज्ञाच्या हातात हातमोजे नाहीत हे सुरक्षा अधिकाऱ्याला प्रकाशनानंतर दिसतं. प्रत्येक वेळी कोर्स उघडून, पत्ता बदलून, परत प्रकाशित करायचा? व्हिमिओ या व्हिडिओ सेवेच्या पेड योजनांमध्ये दुवा न बदलता फाइल बदलता येते. मी तरी सेवा निवडताना सगळ्यात आधी हेच विचारतो.

सार्वजनिक, सगळ्यांसाठी खुला कोर्स असेल तर यूट्यूब उत्तमच. तिथे व्हिडिओ सापडणं हाच फायदा असतो. इथे तसं नाही.

तळटीप

ठीक, चहा परत ठेवतो. पण स्ट्रीमिंग सेवा बंद पडली, तिने योजना बदलली तर? पत्ता तिथेही दुसऱ्याच्याच हातात की.

मधलीसुट्टी

म्हणूनच मी पॅकेजवाला. हसा हवं तर.

पॅकेजमध्ये व्हिडिओ असला की कोर्स हा एक पूर्ण पदार्थ असतो. एलएमएस बदला, झिप उचला, दुसरीकडे चढवा, चालतो. कुठल्या कंपनीचं लॉगिन नाही, फायरवॉलमध्ये भोक पाडा म्हणून आयटीच्या पाया पडणं नाही. कोरी_पाटींच्या तिसऱ्या गटाला, बंद नेटवर्कवाल्यांना, दुसरं काय देणार? तिथे यूट्यूबही मेलं आणि सीडीएनही. मी बरीच वर्षं असल्याच ठिकाणी कोर्स चालवतोय. ज्यांना दिवसभर फायबर मिळतं त्यांना हे शेवटच्या ओळीत आठवतं.

मोबाइलवर ऑफलाइन पाहायचं असेल तरी तेच. मूडल या एलएमएसच्या अ‍ॅपमध्ये कोर्समधल्या फाइल डाउनलोड करून ठेवता येतात, यूट्यूबचा एम्बेड नाही येत.

सावकाश

मधलीसुट्टी, बंद नेटवर्कबद्दल शंभर टक्के मान्य. पण "पूर्ण पदार्थ" बद्दल नाही. फ्लॅशचं (ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणारं जुनं तंत्र) पाठबळ ३१ डिसेंबर २०२० ला संपलं, तेव्हा कितीतरी पूर्ण पदार्थ एका रात्रीत नासले. व्हिडिओ आत होता, शाबूत होता, पण एफएलव्ही (फ्लॅशच्या व्हिडिओचा प्रकार) होता आणि प्लेअर फ्लॅशचा होता. बाहेर मूळ फाइल जपून ठेवली होती त्यांनी पुन्हा एन्कोड केलं. बाकीचे झिप उघडून मूळ चित्रीकरण शोधत बसले.

शिवाय एका तीन मिनिटांच्या तुकड्यातली चूक सुधारायला २.७ जीबीचं झिप परत चढवायचं. आणि अर्धा कोर्स झालेल्यांच्या प्रगतीचं काय होतं, ते एलएमएसगणिक वेगळं. कुठे जुना प्रयत्न चालू राहतो, कुठे पहिल्यापासून सुरुवात.

अर्धविराम

जरा मागे या सगळे. व्हिडिओ हवाच का, हे कोणी विचारलंच नाही.

बारा मिनिटांच्या तुकड्यांबद्दल मला शंका आहे. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, पाहण्याच्या वेळेचा मध्यक सहा मिनिटांपलीकडे जात नव्हता. आता सहा हा काही मंत्र नाही, आणि एडएक्सवरचा हौशी शिकणारा वेगळा, नोकरीचा भाग म्हणून बसलेला वेगळा. पण तुकडे पाडायला ते पुरेसं कारण आहे. आणि तुकडे पाडले की पोचवण्याचा अर्धा प्रश्न हलका होतो, कारण माणूस नको असलेली आठ मिनिटं डाउनलोडच करत नाही.

दुसरं. हालचाल जिथे शिकवायची आहे तिथे व्हिडिओ. बेअरिंग कसं बसवतात, बोल्ट कुठल्या क्रमाने आवळतात, बिघडलेल्या पंपाचा आवाज कसा येतो, याला पर्याय नाही. पण तज्ज्ञ कॅमेऱ्याकडे बघून नऊ मिनिटं नियम वाचून दाखवतोय, तर ते नियम पानावर लिहा. वाचायला दोन मिनिटं लागतील, शोधता येतील आणि बदलायला कॅमेरा लागणार नाही. तुमच्या तीन तासांतला किती भाग असा आहे, एकदा बसून बघा.

कोरी_पाटी

बघितलं. तीन तासांतला जवळजवळ एक तास "बोलणारं डोकं" आहे. तज्ज्ञांना सांगायचं कसं, हा वेगळा धागा काढावा लागेल. पण तो भाग मजकूर आणि फोटोंवर नेतेय.

बिटरेट_बाबा

आता माझ्या आवडीचा विषय. लांबण लागणार, आधीच सांगतो.

कुठे ठेवायचं यावर इतकी चर्चा होते, पण फाइल नीट नसेल तर कुठेही ठेवा, रडणार. तुमच्याकडे दोन जातींचे व्हिडिओ आहेत आणि त्यांना एकच सेटिंग लावू नका.

यंत्रावरचं चित्रीकरण. हे बहुधा फोनवर झालंय. २०१७ पासून बरेच आयफोन मूळ सेटिंगमध्ये एचईव्हीसी या कोडेकमध्ये (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) रेकॉर्ड करतात. ती फाइल तशीच पॅकेजमध्ये गेली की काही डेस्कटॉपवर आवाज येतो आणि चित्र काळं. लोक समजतात नेट स्लो आहे. नेटचा काही संबंध नाही, ब्राउझरला तो कोडेक उलगडता येत नाही. एच.२६४ मध्ये बदला. ते मानक २००३ चं, म्हातारं आहे, पण आजही तेच सगळीकडे चालतं. एव्ही१ हा नवा कोडेक छान आहे, फाइल लहान होते, पण स्वतः एकच फाइल ठेवणार असाल तर एच.२६४ च. फोनचा फ्रेमरेटही बदलता असतो. काही ऑथरिंग टूल (कोर्स बनवायची सॉफ्टवेअर) त्यावर गडबडतात आणि पाच मिनिटांनी ओठ आणि आवाज यांची फारकत होते. एन्कोड करताना ठरावीक फ्रेमरेट लावून घ्या, २५ किंवा ३०.

स्क्रीन रेकॉर्डिंगची गोष्ट उलटी. पडद्यावर हलतं फारच थोडं, म्हणून १०-१५ फ्रेममध्ये आणि कमी बिटरेटमध्ये अक्षरं कोरल्यासारखी राहतात. पण दोन खड्डे आहेत.

पहिला खड्डा : अ‍ॅडॅप्टिव्ह स्ट्रीमिंगचा सगळा डौल या व्हिडिओत उलटा पडतो. एचएलएस म्हणजे काय, तर एकाच व्हिडिओच्या तीन-चार प्रती वेगवेगळ्या बिटरेटच्या, प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे, आणि प्लेअर नेट बघून पुढचा तुकडा कुठल्या प्रतीतला घ्यायचा ते ठरवतो. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलं, सहा सेकंदांचे तुकडे ठेवा असं ते सुचवतात. चेहऱ्याचा व्हिडिओ २४०पी ला उतरला तरी कळतो काय चाललंय. स्क्रीन रेकॉर्डिंग २४०पी ला उतरलं की मेनूमधलं "सेव्ह" कुठे आणि "डिलीट" कुठे, ओळखून दाखवा. थांबत नाही, पण कळतही नाही. यापेक्षा थोडं थांबून स्पष्ट दिसलेलं परवडलं. म्हणून या व्हिडिओंना खालची पायरी ४८०पी च्या खाली ठेवूच नका. आणि रेकॉर्ड करतानाच झूम करा. अख्खा १९२० रुंदीचा पडदा फोनच्या तळहाताएवढ्या जागेत दाखवून उपयोग नाही.

दुसरा खड्डा : की-फ्रेम. एक्स२६४ हा एच.२६४ चा एन्कोडर मूळ सेटिंगमध्ये जास्तीत जास्त २५० फ्रेमनंतर एक पूर्ण चित्र ठेवतो. २५ फ्रेमरेटला ते दहा सेकंद झाले, ठीक. १० फ्रेमरेटला पंचवीस सेकंद! शिकणारा "ती पायरी परत बघू" म्हणून पट्टी मागे ओढतो आणि प्लेअर एक तर भलतीकडे उडी मारतो किंवा गोठून विचार करत बसतो. शिकायच्या व्हिडिओत माणूस मागे जातोच, तीच तर सोय. दर दोन सेकंदांना की-फ्रेम सक्तीची करा. फाइल थोडी फुगेल, फुगू दे. एचएलएसचे तुकडे नीट पडायलाही हेच लागतं.

आवाज : बोलण्याला मोनो, एएसी, ६४ केबीपीएस पुरतो. पंपाचा आवाज ओळखायचा धडा असेल तिथे मात्र हात सैल सोडा.

आणि शेवटचं, ऑथरिंग टूल. तुम्ही मेहनतीने एन्कोड केलेली फाइल प्रकाशित करताना टूल परत एकदा दाबतं. कॉम्प्रेशन बंद करायचा पर्याय शोधून बंद करा.

तळटीप

बाबा, हा प्रतिसाद प्रिंट काढून लावतोय. +१

कोरी_पाटी

बाबांचं वाचून स्क्रीन रेकॉर्डिंग परत एन्कोड केली. फरक डोळ्यांना दिसतो, धन्यवाद. छोटी चाचणी घेतली, दोन गोष्टी अडल्या.

एक, तात्पुरत्या सर्व्हरवर ठेवलेला ९० एमबीचा एमपी४ फोनवर सुरूच होत नाही, बराच वेळ गोल फिरतो आणि मग एकदम छान चालतो. तीच फाइल डेस्कटॉपवर लगेच. दोन, व्हिडिओ वेगळ्या डोमेनवर नेला तर व्हिडिओ चालतो पण सबटायटल गायब. पॅकेजमध्ये होते तेव्हा दिसत होते.

रात्रपाळी

पहिलं : फाइलची अनुक्रमणिका शेवटी आहे. एमपी४ मध्ये मूव्ह नावाचा एक भाग असतो, कुठली फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे त्याची यादी. एन्कोडर ती शेवटी लिहितो, कारण सगळं लिहून झाल्याशिवाय त्याला माहीतच नसतं. सर्व्हर फाइलचा मधला किंवा शेवटचा भाग मागितल्यावर देऊ शकत असेल, म्हणजे २०६ उत्तर देत असेल, तर ब्राउझर शेवटाकडे जाऊन यादी वाचून येतो. तुमचा तात्पुरता सर्व्हर बहुधा तसं करत नाहीये, मग अख्खी फाइल उतरेपर्यंत वाट. डेस्कटॉपवरही हेच होतंय, फक्त वेगवान नेटमुळे कळत नाही. एफएफएमपेग या व्हिडिओच्या साधनात फास्टस्टार्ट (ती यादी सुरुवातीला नेणारा पर्याय) लावून फाइल परत लिहून घ्या, एन्कोड करावं लागत नाही, काही सेकंदांचं काम. सर्व्हरलाही रेंज रिक्वेस्ट (फाइलचा मागितलेला भागच देणं) शिकवा, सफारी तर त्याशिवाय व्हिडिओ चालवायला नकारच देते.

दुसरं : व्हिडिओ परक्या डोमेनवरून चालतो, सबटायटलची फाइल चालत नाही, ब्राउझरचा नियमच आहे तो. व्हिडिओच्या टॅगवर क्रॉसओरिजिन लावा आणि त्या सर्व्हरवर तुमच्या एलएमएसच्या डोमेनला परवानगी देणारा हेडर लावा. दोन्ही लागतात, एक लावून उपयोग नाही. उलट फक्त टॅगवर लावलंत आणि हेडर विसरलात, तर चालणारा व्हिडिओसुद्धा बंद पडेल.

अर्धविराम

सबटायटलचा विषय निघालाच आहे तर. चित्रात भाजलेले सबटायटल नकोत. वेगळी वेबव्हीटीटी (साध्या मजकुरातल्या सबटायटलची) फाइल ठेवा. दुसरी भाषा आली तर दुसरी फाइल, टंकलेखनाची चूक असेल तर नोटपॅडमध्ये सुधारून मोकळे. डब्ल्यूसीएजीमध्ये (वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे निकष) आधीच रेकॉर्ड केलेल्या, आवाज असलेल्या व्हिडिओला कॅप्शन हे सगळ्यात खालच्या, ए पातळीवरच सांगितलंय, म्हणजे तो ऐच्छिक मुकुट नाही. ऐकू न येणाऱ्यांइतकाच त्याचा उपयोग मशिनच्या गोंगाटात फोन धरून उभ्या असलेल्या माणसाला होतो. आपोआप निघालेल्या कॅप्शनवर विसंबू नका. तांत्रिक शब्दांची ते जी वाट लावतात ती वाचून एक वेळ करमणूक होईल, पण "वाल्व्ह बंद करा" आणि "वाल्व्ह बंद करू नका" यात गफलत झाली तर?

कोरी_पाटी

दोन्ही सुटलं, रात्रपाळी यांचे आभार. आता रिपोर्ट. वरिष्ठ म्हणतात "शंभर टक्के पाहिलं तरच पूर्ण", आणि पुढे ढकलायची पट्टी बंद करा.

सावकाश

पट्टी बंद करू नका हो. ज्याला ते काम वीस वर्षं येतं त्याला शिक्षा, आणि ज्याला येत नाही तो व्हिडिओ लावून टॅब बदलून मेल बघतो. रिपोर्टमध्ये दोघंही शंभर टक्के.

रिपोर्ट द्यायचाच तर उपयोगाचा द्या. स्कॉर्म १.२ मध्ये व्हिडिओसाठी काहीच खास नाही. पूर्ण/अपूर्ण, गुण, वेळ, आणि ४०९६ अक्षरांची एक जागा जिथे टूल आपली आठवण कोंबतं. एका पॅकेजमध्ये खूप व्हिडिओ आणि प्रश्न घातले की ही जागा भरते आणि "जिथे सोडलं तिथून सुरू" बिघडतं. हेही मोठं पॅकेज टाळायचं एक कारण. एक्सएपीआय या शिकण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या मानकाचं व्हिडिओ प्रोफाइल वापरलं तर चालवला, थांबवला, उडी मारली असं सगळं नोंदवता येतं, कुठल्या सेकंदापासून कुठल्या सेकंदापर्यंत पाहिलं तेही. त्यातून माणसं पकडू नका, व्हिडिओ पकडा. जिथे सगळे मागे जाऊन परत बघतात तिथे काहीतरी नीट कळत नाहीये.

मधलीसुट्टी

सहमत. व्हिडिओनंतर दोन नेमके प्रश्न ठेवा आणि "पूर्ण" त्यांच्यावर ठरवा. वरिष्ठांना आकडा हवा असतो, कुठला ते आपण ठरवायचं.

पण माझा बंद प्लांट अजून तसाच आहे. त्यांच्यासाठी वेगळा कोर्स बनवून दोन आवृत्त्या सांभाळणार का?

सावकाश

नाही. तळटीपने मघाशी विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर इथेच आहे. कोर्समध्ये यजमान सेवेचा पत्ता थेट लिहायचाच नाही. प्रत्येक व्हिडिओला आपलं नाव द्या, "पंप-०३-सील-बदल" असं काहीतरी, आणि कोर्सच्या पानात फक्त तेवढंच. नावाला पत्ता जोडणारी एक छोटी यादी वेगळ्या फाइलमध्ये, आपल्या डोमेनवर. सेवा बदलली तर यादीतली ओळ बदला, कोर्सला हात लावू नका. मूळ मास्टर फाइल आणि कॅप्शन कुठल्याही सेवेच्या बाहेर, आपल्या साठवणीत.

बंद प्लांटमध्ये तोच कोर्स चढवायचा, यादी मात्र तिथल्या आतल्या सर्व्हरकडे बोट दाखवणारी. व्हिडिओ पेन ड्राइव्हवरून किंवा त्यांच्या जो कुठला मान्य मार्ग असेल त्याने आत न्यायचे. पॅकेज काही एमबीचं राहतं.

ऑथरिंग टूलमध्ये हे जमेल का, तर वेब ऑब्जेक्ट म्हणून स्वतःचं एक प्लेअर-पान टाकावं लागतं. थोडा कोड लिहिणारा माणूस हवा, एकदाच. तो नसेल तर हा मार्ग धरू नका, सरळ दुवा न बदलता फाइल बदलू देणारी सेवा घ्या आणि बंद प्लांटसाठी पॅकेजची दुसरी आवृत्ती काढा. कंटाळवाणं आहे, पण निदान चालेल.

मधलीसुट्टी

हे पटलं. एक भर : आतल्या सर्व्हरवर एचएलएसच्या भानगडीत पडू नका. लॅनवर ७२०पी चा एकच एमपी४ लोण्यासारखा चालतो. आणि यादीत आवृत्ती क्रमांक ठेवा. बाहेर व्हिडिओ बदलला आणि आत जुनाच राहिला हे सहा महिन्यांनी ऑडिटला कळू नये.

कोरी_पाटी

कोड लिहिणारा माणूस आहे आणि तो खूश झालाय, त्यामुळे यादीचा मार्ग धरतोय. बाहेरच्या दोन्ही गटांना स्ट्रीमिंग, प्लांटला आतला एमपी४.

शेवटची शंका. सेवा सही केलेले, मुदतीचे दुवे देते. आमच्या सुरक्षा टीमने मुदत दहा मिनिटं लावलीय. चाचणीत एकाने व्हिडिओ मध्येच थांबवला, फोन घेतला, परत आला तर व्हिडिओ मेलेला. पान रिफ्रेश केलं की चालतो.

रात्रपाळी

थांबला तेव्हा प्लेअरकडे पुढचे थोडेच तुकडे होते, बाकीचे मागायला गेला तेव्हा सही शिळी, सर्व्हरने ४०३ (परवानगी नाही) दिलं. मुदत व्हिडिओच्या लांबीवर ठरवू नका, माणसाच्या बैठकीवर ठरवा. चार तास ठेवा. दहा मिनिटांच्या मुदतीने चोर थांबत नाही, तो दहा मिनिटांत डाउनलोड करून मोकळा होतो. पडद्याचं रेकॉर्डिंग तर त्याला कसंही करता येतं. सुरक्षा टीम अडून बसली तर प्लेअर-पानात एवढं करा : ४०३ आला की यादीकडून नवा दुवा मागायचा, आत्ताचा सेकंद लक्षात ठेवून तिथूनच पुढे चालवायचं. आणि ही चाचणी आयफोनवर वेगळी घ्या. तिथे एचएलएस सफारी स्वतः चालवते, डेस्कटॉप क्रोमवर तुमची जावास्क्रिप्ट लायब्ररी चालवत असणार. चूक पकडायची जागा दोन्हीकडे वेगळी आहे, एकीकडे लिहिलेला कोड दुसरीकडे कामी येईलच असं नाही.